कॅरिअर कोणी धरायचे

चिंचणी,
मंगळवार, दि. २२ नोव्हेंबर १९८३

ती. स्व. मामा यांच्या चरणी जावई एकनाथ याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरच मान्य करून घ्यावा. प्रत्यक्षात मला सध्या वाकता येत नाही, आणि वाकलो तर उठता येत नाही.) आपला गुडघा कसा आहे? वैतरण्याच्या खाडीवरचा वारा गुडघ्याला बाधतो असे सुलूचे म्हणणे आहे, तरी संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर बसताना पायावर पंचा घेत जावा. इकडे सुलू बरी आहे. विजया दहावीचा अभ्यास करते असे दिसते, निदान पुस्तक उघडे असते. वाडीतल्या चिकूंना यंदा बरा बहर आहे. आणि आपण दर पत्राच्या शेवटी विचारता तसे यंदाही विचारले आहे की, लग्नात दिलेली सायकल कशी चालली आहे. मामा, एकोणीस वर्षे मी या प्रश्नाला ‘उत्तम’ असे एका शब्दात उत्तर देत आलो. आज जरा सविस्तर उत्तर द्यायला बसलो आहे, तेव्हा आपणही बसूनच वाचावे.

मला सायकल येत नाही. लग्नाआधी येत नव्हती, मांडवात आपण ती हिरवी सायकल आणून उभी केलीत तेव्हा येत नव्हती आणि आजही येत नाही. त्या दिवशी चारचौघांत मी पुढे होऊन हँडल धरले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर खरे सांगायला योग्य वेळ म्हणून काही आलीच नाही. पोस्टात मुलाखतीला मी सायकल हातात धरून गेलो, म्हणून माझ्या सेवापुस्तकात ‘सायकल येते’ असे लिहिले गेले. तेव्हापासून मी रोज टपालाची पिशवी हँडलला अडकवतो, डबा कॅरिअरला लावतो आणि सायकलीच्या शेजारून चालतो. गावाला वाटते, सासऱ्याने दिलेली वस्तू म्हणून एकनाथ जपतो. सायकल मात्र फार मायाळू निघाली. नुसती सोबत चालूनही तिचे टायर दोनदा बदलावे लागले, आणि एकदाही टांग न मारता माझ्या खाकी विजारीच्या उजव्या पायाला साखळीचे तेल लागलेले असते. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालतो. एवढे आमचे बरे चालले होते.

सप्टेंबरअखेर वरून कागद आला की मला ओव्हरसिअरची बढती मिळत आहे. म्हणजे बोईसरच्या पूर्वेला डोंगरात सहा शाखा-कचेऱ्या आहेत, त्या मी सायकलवर फिरून तपासायच्या. कागदाच्या खाली एक ओळ होती. उमेदवारास चढउताराच्या कच्च्या रस्त्यावर सायकल चालवता येते की नाही, हे अधिकारी सोमवार, दि. २८ नोव्हेंबर रोजी समक्ष पाहतील. मामा, बढती गेली तर मी सोसेन, ती न मिळण्याची मला सवय आहे. पण डोंगराच्या पायथ्याशी सगळ्या स्टाफसमोर साहेब ‘बसा’ म्हणतील आणि मी उभाच राहीन, हे दृश्य मला जेवताना ताटात दिसते. म्हणून मी ठरवले की रीतसर शिकवणी लावायची, आणि तीही मुलीला स्थळ पाहावे तशी चौकशी करून, पारखून. (विजयाच्या वेळी मी इतका चोखंदळ राहणार नाही. त्यातून काय निष्पन्न होते ते आता पाहिले आहे.)

पहिले स्थळ बोईसरचे. तिथे औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर रामकिसन नावाच्या उत्तरेकडच्या माणसाचे भाड्याच्या सायकलींचे दुकान आहे आणि बाहेर पाटी आहे की सात दिवसांत हमखास सायकल शिकवली जाईल. दसऱ्याच्या मुहूर्तावर मी गेलो. कारखान्यांमधला रस्ता सरळ, सपाट, डांबरी, आणि चिंचणीचे कोणी बघायला नाही, एवढ्यावर मी भाळलो. रामकिसनने मला सीटवर बसवले, मागून धरून धावत सुटला आणि ‘सामने देखो, मास्टरजी, पहिया मत देखो’ एवढा एकच मंत्र दिला. मी समोर पाहिले. समोर शिफ्ट सुटली होती. दोनेकशे कामगार बसची वाट पाहत उभे होते आणि त्यांना तोवर काही काम नव्हते. त्यातल्या प्रत्येकाला सायकल येत होती व प्रत्येकाची पद्धत वेगळी होती. कोणी म्हणे पॅडल दाबा, कोणी म्हणे पॅडल सोडा, एकाने लांबूनच माझ्या कोपराबद्दल मत दिले. मी सगळ्यांचे ऐकले (घरी वळण तसे आहे) आणि बस थांब्याच्या खांबाला जाऊन भिडलो. दुसऱ्या दिवशी ते लोक आधीपासून जागा धरून बसले होते. चौथ्या दिवशी मी डोंगराचे विचारले तेव्हा रामकिसन म्हणाला, पहाड़ तो हमने देखा ही नहीं, हम मैदान के आदमी हैं. मी सायकल, म्हणजे आपलीच हो, हातात धरून घरी आलो.

दुसरे स्थळ खानदानी होते. बळवंत सर म्हणून कवायतीचे निवृत्त मास्तर आहेत, मूळचे साताऱ्याकडचे, आता पालघरला मुलाकडे असतात. त्यांचा छापील फॉर्म होता, पंधरा दिवसांचा अभ्यासक्रम होता आणि शेवटी प्रमाणपत्र होते. वर्ग आमच्याच किनाऱ्यावर, ओल्या घट्ट वाळूत, की पडले तरी लागू नये. तारखा २० ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर, वेळ रोज सायंकाळी पाच ते सहा. मी फॉर्मवर आनंदाने सही केली. मामा, इथे मला क्षमा नाही. सर घाटावरचे, त्यांचे समजू शकतो. पण मी चिंचणीचा. माझ्या आजोबांनी मला पाढ्यांच्या आधी भरतीचे गणित शिकवले, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आमच्याकडे शेंबडे पोरही हे बोटांवर करते. मी मात्र एकोणीस वर्षे रोज सकाळी तारखेचा शिक्का मारतो, आणि शिक्क्यात तिथी नसते. पौर्णिमेच्या आसपास पाच वाजता समुद्र लांब गेलेला, वाळू अंगणासारखी, सर म्हणाले काय जागा आहे. पण ते तीन दिवस त्यांनी सिद्धांताला दिले. सुरूच्या झाडाखाली बसवून तोल म्हणजे काय ते सांगितले, मग वाळूत रेघ मारून तिच्यावरून, सायकलशिवाय, हात पसरून चालायला लावले. चौथ्या आणि पाचव्या दिवशी मी खरोखरीच सायकलवर बसलो आणि वीसेक हात गेलोही. (वारा मागून होता. तरी गेलो.) त्या दोन दिवसांत मला वाटले की आपण आयुष्यात उगाच घाबरलो.

मग पाणी रोज थोडे थोडे आमच्याकडे यायला लागले. पंचमीला किनाऱ्याची एक पट्टी उरली. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे वर्गाच्या वेळी बरोबर पूर्ण भरती. सर शिस्तीचे असल्यामुळे ते पाच वाजता हजर होते, गुडघाभर पाण्यात, तोंडात शिट्टी. त्यांनी मला सुरुवातीची स्थिती घ्यायला सांगितली. मी घेतली. होड्या ओढणारे आमचे लोक सगळे थांबून पाहत होते. म्हातारा जानू, ज्याच्याशी माझे शाळेपासून बोलणे आहे, तो फक्त एवढे म्हणाला, ‘एकनाथ, आज अष्टमी हाय रे.’ त्याने हसायला पाहिजे होते. तो हसला नाही, याचे मला जास्त लागले. सायकलची साखळी खारट पाण्याने गंजली, ती सुलूने रॉकेलने साफ केली व काहीच विचारले नाही.

तिसरे स्थळ दिवाळीनंतर मी स्वतः डोंगरात जाऊन पाहिले. परीक्षा डोंगरावर, तर शिकवणारा डोंगरातलाच का नको, असा विचार केला. आमच्या एका शाखा-कचेरीचे टपाल आणणारा गोमा कॅरिअरवर गवताचे दोन भारे लादून उतारावरून अशी सायकल सोडतो की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. त्याच्या सायकलीला ब्रेक नाही. मी विचारले तर म्हणाला, ‘बिरेक कशाला, पोस्टबाबा? पाय हायत ना.’ त्याच्या अभ्यासक्रमात सिद्धांत अजिबात नाही. मला टेकडीच्या माथ्यावर नेले, बसवले आणि सोडले. वाटेत काय काय होते ते मला आठवत नाही. शेवटी त्याचे खळे होते, नुकतेच सारवलेले, वर भाताची रास, आणि मी त्या राशीत सायकलसकट होतो. खळ्यात चप्पल घालून कोणी जात नाही हे आपल्याला ठाऊक आहे. गोमाची बायको ठकी धावत आली आणि मला उठवायच्या आधी म्हणाली, ‘पयले चपला काढा.’ मी आडवा पडूनच काढल्या. मग तिने पाणी दिले, भाकरी दिली, आणि माझ्याकडे बघत म्हणाली, ‘तुमी चालतच येवा ना बाबा. चालत येनारा मानूस लांबून दिसतो, आमी वाट बघतो.’ मामा, माझ्या आख्ख्या नोकरीत मला एवढे चांगले कोणी बोलले नाही, आणि बढतीच्या दृष्टीने त्याचा काडीचाही उपयोग नाही.

असा मी तीन ठिकाणी शिकून तिन्ही ठिकाणचे अज्ञान घेऊन बसलो आहे. मला सरळ जाता येते पण वळता येत नाही, सुटता येते पण थांबता येत नाही. वय सेहेचाळीस. सहा दिवस उरले. आज सकाळी शिक्का मारताना एकाच पाकिटावर बावीस तारीख दोनदा उमटली. आपण मला मुलगी दिलीत तेव्हा सायकल येणारा जावई म्हणून दिली असेल, तर आपली फसवणूक झाली, आणि ती मी केली. याहून जास्त लिहवत नाही. सासूबाईंना नमस्कार.

आपला
एकनाथ

ता. क. : आपण रेल्वेत असताना अर्ध्या वैतरण्याला सायकल शिकवलीत असे सुलू नेहमी सांगते. तर शनिवारी लेकीला भेटायचे निमित्त करून आपण येऊ शकाल का? मला आता पद्धत नको, प्रमाणपत्र नको. मागून कॅरिअर धरणारा एक माणूस हवा, जो हसणार नाही.

ता. क. २ : सुलूला यातले काहीही माहीत नाही आणि कळू देऊ नये ही हात जोडून विनंती. तिच्या डोळ्यांत मी अजून सायकलवाला आहे. घरातली खळ संपल्यामुळे पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देत आहे. ती दुसऱ्याची पत्रे वाचत नाही.

ती. बाबा, सुलूचा नमस्कार. वाचले.

तुम्ही मुळीच येऊ नका, गुडघा सांभाळा. मांडवात तुम्ही हँडल माझ्याकडे वळवले होते ते माझ्या लक्षात आहे, पण हे पुढे झाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग मी काय बोलणार. आधी सासूबाईंच्या भीतीने गप्प बसले, नंतर यांना वाईट वाटेल म्हणून. रविवारी हे जेवून झोपले की मी यांची खाकी विजार चढवते आणि किनाऱ्याने तारापूरपर्यंत जाऊन येते. टायर त्यानेच झिजतात. विजयालाही शिकवली आहे.

यांना फक्त एवढे लिहा की गुडघ्यामुळे येता येत नाही, कॅरिअर सुलूला धरायला सांगा. मी आपणहून म्हटले तर यांना फार लागेल, तुमचे ऐकतील. पत्र शनिवारपर्यंत यायला हवे, ते यांच्याच हातात पडेल. रविवारी अष्टमी आहे, ओहोटी दुपारी बाराला, तेव्हा किनाऱ्यावर चिटपाखरू नसते. वळणे आणि थांबणे तिथे होईल, मग उतरत्या उन्हात चढावर नेईन. तुम्ही मला शिकवताना मागचा हात नेमका कधी सोडलात ते मला अजून कळलेले नाही. यांनाही कळू देणार नाही.