खिळ्यांवरच्या चाव्या

बाबा, परवा सकाळी मी आपल्या अहात्याच्या भिंतीतले खिळे उपटले. घरमालक तिथे मोबाईलचं दुकान काढतो आहे. "भैया, दीवार साफ करके देना," एवढंच तो म्हणाला. जुने खिळे तुम्ही ठोकलेले, नंतरचे मी. काहींबरोबर प्लास्टरचे पोपडे निघाले. प्रत्येक खिळ्याखाली चाव्या घासून घासून काळपट डाग पडला आहे, तो काही निघाला नाही. चुना लावा म्हटलं आणि बाहेर आलो. तुम्ही गेल्यानंतर पुष्कळ वर्षं मी ती जागा चालवली. मग सरकारने दारू प्यायला बसायचे हे अहाते बंद केले. दारूचं दुकान आहे तिथेच आहे, शेजारी पत्र्याखाली बसायची सोय तेवढी गेली. आता लोक बाटली घेतात आणि गाडीत, नाल्याच्या कठड्यावर, कुणाच्याही भिंतीला टेकून उभ्यानेच पितात. आपल्या गोरखपूर मोहल्ल्यातले बाकीचे अहातेही असेच गेले. एकात आता दवाखाना आहे.

पण हे मी खिळ्यांसाठी लिहीत नाही. फॅक्टरीतले काका आठवतात ना तुम्हाला, निळ्या स्कूटरचे? ते गेले. अपघात झाला त्या संध्याकाळी त्यांची चावी माझ्याजवळ होती आणि मी ती त्यांना दिली. हे काकूंना सांगायचं राहिलं होतं.

तुमचा नियम साऱ्या गोरखपुरात ठाऊक होता. आत आलं की आधी चावी खिळ्यावर लावायची, मग बसायचं. निघताना ती तुमच्याकडून मागून घ्यायची. पनागरजवळच्या गावात मामांकडे राहून शाळा शिकलेला मी, कपाळाला गंध लावून तुमच्या हाताखाली उभा राहिलो तेव्हा मला या कामाची लाज वाटायची. गावात कुणी विचारलं तर हॉटेल आहे म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात एकाने गोड बोलून माझ्याकडून चावी घेतली. तुम्ही धावत जाऊन त्याला चौकातून परत आणलंत आणि सगळ्यांसमोर मला म्हणालात, "चावी मागायला आला की त्याचे पाय पाहायचे, तोंड नाही. तोंडानं सगळेच शहाणे असतात." ज्याला चावी मिळायची नाही तो रिक्षाने घरी जायचा आणि सकाळी खाली मान घालून गाडी न्यायला यायचा. तुम्ही त्याच्यासमोर चहा ठेवायचात. काका मात्र खाली मान घालणारे नव्हते. चहा फुंकत मला म्हणायचे, "महाराज, तुझ्या बापापेक्षा माझी बायको बरी. शिव्या देते, पण दार तरी उघडते." तुम्ही हसायचात, आणि त्या दिवशीही चावी द्यायची की नाही ते त्यांचे पाय पाहूनच ठरवायचात.

अहाता बंद झाल्यावर मी शटरसमोरच चहाची टपरी लावली. परत सुरू होईल या आशेने जागा सोडली नव्हती. काका रोज संध्याकाळी यायचे. स्कूटर लावायचे आणि सवयीने चावी माझ्या हातात द्यायचे. "ठेव महाराज." मीही ती सवयीने खिशात टाकायचो. मग ते दुकानातून दारूची पाव बाटली घ्यायचे आणि शटरला टेकून उभ्याने प्यायचे. एकदा म्हणाले, "शटर अर्धं वर कर ना, घटकाभर बसतो. उभं राहून राहून गुडघे गेले." मी म्हटलं, "काका, कायदा आहे." ते म्हणाले, "कायद्याला गुडघे नाहीत रे."

त्या संध्याकाळी मला ग्वारीघाटावर आरतीला जायचं होतं. एकादशी होती आणि उशीर झाला होता. टपरी झाकून मी निघालो तोच काकांनी चावीसाठी हात पुढे केला. मी तोंड पाहिलं, नीट बोलत होते. चावी दिली आणि घाटाच्या ऑटोत बसलो. मी नर्मदेसमोर हात जोडून उभा असेन तेव्हाच मदन महल स्टेशनाजवळ त्यांची स्कूटर दुभाजकावर गेली. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यातच वारले.

तेराव्याला काकूंनी मला बाजूला बोलावलं. "मीच त्यांना घरात बसू नाही दिलं रे. नवी सून आली, तिच्यासमोर कसं दिसतं ते? म्हणून रस्त्यावर उभं राहून पिऊन राहिले होते. माझ्यामुळेच गेले ते." मी ऐकून घेतलं, पत्रावळ उचलली आणि घरी आलो. त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली. पूजेला बसलो की मंत्र म्हणता म्हणता मध्येच अडकायचो.

खिळे काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, गेलो. काकू अंगणात उन्हात मटार सोलत होत्या.

"काहून रे, आज इकडे कसा? बस."

मी उभ्यानेच म्हटलं, "काकू, त्या दिवशी चावी माझ्याजवळ होती. मी दिली. त्यांचे पाय पाहिलेच नाहीत."

त्यांचा हात थांबला. मग पुढची शेंग त्यांनी घेतली.

"काहून दिली?"

"घाई होती."

त्यांनी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मला वाटलं होतं त्या मला काही बोलतील, निदान त्यांच्या मनावरचा भार तरी कमी होईल. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे दोघांनी मिळून." आणि टरफलं गोळा करून आत गेल्या. मी थोडं थांबलो. त्या बाहेर आल्या नाहीत, म्हणून फाटक लावून निघालो.

घाई कशाची होती ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. आरतीचं नाव काढायला जीभ वळली नाही. ते या कागदावर तेवढं आहे, आणि हा कागद पाठवायला माझ्याजवळ तुमचा पत्ता नाही. चावीचं मात्र सांगून आलो, बाबा.