सौंसरचा समुद्र

१ डिसेंबर १९८५, रविवार
नवऱ्याला समुद्राचा फोटो काढायचा आहे. राहतो सौंसरला, तहसीलमध्ये कारकून! म्हणे रामाकोन्याला कन्हान नदीवर सकाळी धुकं असते, पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणजे फोटोत समुद्रच. रामाकोना माझं माहेर, म्हणून सायकलवर मागे मलाही बसवलं. मे महिन्यात लग्न झालं, तेव्हापासून एवढं सलग बोलताना आजच ऐकला. (त्याचं नाव उत्तम. इथे ‘तो’च लिहिणार, कोण वाचते!)

तो दगडावर कॅमेरा धरून बसून राहिला. मी नुसती गारठत होते. लहानपणी याच डोहात थंडीतही पोहायची मी. चपला काढल्या नि सलवार-कुर्त्यासकट उतरले. पाणी नुसतं चावलं.

“अवं, काय करून राहिली?”

म्हटलं, “समुद्रात कोणी नको का?”

त्याने फोटो काढला.

२ डिसेंबर
सासूबाई — “काल केस काऊन ओले होते वं?” सांगितलं, माहेरी न्हाऊन आले. “एवढ्या थंडीत?” म्हटलं, आईनेच आग्रह केला. आता आईला निरोप धाडायला हवा.

८ डिसेंबर
परत गेलो. आधी श्वासच सापडत नाही, मग अंग आतून पेटल्यासारखं होते. बाहेर आल्यावर दात वाजतात. काठावर काड्या पेटवून शेकत बसले.

“लय थंडं हाय का?”

“कोमट आहे. या ना.”

आला नाही. कॅमेरा पुसत बसला. कॅमेऱ्याला त्याचा मफलर, मला टॉवेल. सवतच ती.

११ डिसेंबर
फोटो धुऊन आले. खरंच समुद्र वाटतो! मधोमध एक काळं डोकं — माणूस की भोपळा, कळत नाही. सासूबाईंनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. “कोनाचा पोट्टा हाय हा? याच्या मायले काही वाटत नाई का?” मी भाकर थापत होते. हसू दाबता दाबता भाकर फाटली. तो उठून अंगणात गेला. तिकडून खोकल्याचा आवाज आला, पण तो खोकला नव्हता.

१५ डिसेंबर
पाहुणे. जाणं नाही. दिवसभर चिडचिड.

२२ डिसेंबर
आज माझ्या हातून भलतंच झालं.

तो सारखा कॅमेऱ्यातूनच पाहतो, म्हणून गंमत सुचली. बुडी मारली, पाण्याखालून खडकामागे गेले, नाक तेवढं वर काढलं. म्हटलं, शोधू दे जरा. “कुसुम!” — नावाने हाक. एरवी नुसतं “ऐकून राहिली का?” गोड वाटलं, म्हणून गप्प राहिले. दुसरी हाक आली, तरी गप्प राहिले. मग धप्पकन आवाज.

कॅमेरा गळ्यात तसाच. हात कसेही मारत होता. वाटलं, आता हा माझीच गंमत करून राहिला. मग त्याचे डोळे दिसले.

केसांना धरून ओढला, काठावर पालथा घातला. पाणी ओकला. पहिला शब्द — “हाय ना तू?”

ओढताना पट्टा निसटून कॅमेरा डोहात गेला. पहिल्या पगारातून घेतलेला.



२३ डिसेंबर
रागावला नाही.  स्वतःच्या आईला त्यानेच सांगितलं, सायकल घसरून नदीत पडलो. “पोरीले मारतं काय रे?” म्हणून सासूबाईंनी त्यालाच झापलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. 

२५ डिसेंबर
तो सायकलची साखळी बसवत होता. धीर करून जवळ गेले. विचारलं, पोहता येत नव्हतं, तर उडी काऊन मारली?

मान वर न करता म्हणाला, “तवा ध्यानातच नाई आलं.”