आईची कळ, माझ्या पोटात

दि. ६ जानेवारी

ती. ताईस, शिरसाष्टांग नमस्कार, सोबत कान पकडून दोन उठाबशा.

करू नये ते करून बसलोय. फोनवर सांगता येत नाही, कारण फोन आईच्या उशाशी असतो आणि आपल्या भिंती म्हणजे कागद. तेव्हा माझं हे कोंबडीच्या पायाचं अक्षर सहन कर.

आमच्या शिलाई कारखान्यातला मुकादम तुला माहीत आहे. आम्ही जागेवरून उठलो की हा मनगटावरचं घड्याळ दाखवणार, आणि स्वतः मात्र वरच्या मजल्यावरच्या संडासात सिगारेट घेऊन बसला की पेपर वाचून संपवल्याशिवाय बाहेर येणार नाही. त्याची जिरवायची म्हणून मी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर झोकात लिहिलं की दुरुस्ती चालू आहे, आत जाऊ नये. दाराला टांगला, कडीला सुतळी आवळून बांधली आणि खाली इस्त्रीच्या टेबलाशी येऊन साळसूदासारखा कॉलरी दाबत उभा राहिलो.

मुकादम त्या दिवशी फिरकलाच नाही. आली ती आई, आपलं मशीन सोडून.

तिला तू ओळखतेस. दुसरं कोणी असतं तर सुतळीला हिसका देऊन आत घुसलं असतं. आपली आई पाटी वाचून मागे वळली आणि जिना उतरून समोरच्या दुकानातल्या संडासाकडे निघाली. ती पोचली नाही, ताई. मी पाणी आणायला गेलो तर जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून उभी, कमरेला अस्तराचं कापड गुंडाळलेलं. मी आपला नेहमीसारखा बरळलो, म्हटलं काय गं, इथे अंडी उबवतेस का. मग तिचं तोंड बघितलं. मग वास आला. ती म्हणाली अंगावर पाणी सांडलं. मी म्हटलं हो, सांडलं. मागच्या दाराने तिला घरी आणली. वाटभर आम्ही दोघं हवेबद्दल बोलत होतो.

तेव्हापासून ती कामावर गेलेली नाही. म्हणते गुडघे धरलेत, शिवणकाम आता बास. गुडघे ठणठणीत आहेत, माळ्यावरची ट्रंक काल एकटीने उतरवलीन. मग मी तिच्या कामाच्या पिशवीत डोकावलो. आत कपड्यांचा जोड, जुना टॉवेल, साबणाचा तुकडा, सगळं घडी करकरीत. ही एका दिवसाची तयारी नाही. मग मी तिच्या मानगुटीवरच बसलो, तेव्हा बोलली. कॅन्सरसाठी ओटीपोटावर किरणांचा शेक घेतला होता ना, आपण शाळेत असताना, त्यानंतर काही वर्षं बरी गेली. मग हळूहळू हे सुरू झालं. कळ आली की आलीच, थांबायला वेळच देत नाही. आता रक्तही पडतं. नाक्यावरच्या डॉक्टरने मूळव्याध म्हणून मलम दिलंय, ते ती कधीपासून लावतेय. पण तिच्या मनात पक्कं बसलंय की तो रोगच परत आलाय. आणि आलाच असेल तर मला कळायला नको, म्हणते. मोठ्या दवाखान्यात पाय ठेवणार नाही.

तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय तिने. म्हणजे हा दुसरा गुन्हा. पाटीचं तर तिला अजून माहीतच नाही.

लोभ असावा. संपला असेल तर उसना आणून का होईना, असावा.
तुझा
भामटा

दि. १४ जानेवारी

चि. भामट्यास, आशीर्वाद. एक धपाटाही यात धर.

तुझं पत्र बेकरीतून आल्यावर वाचलं. पाव भरून भरून हात दुखत होते, पण पत्र वाचून झाल्यावर हातांची आठवण राहिली नाही.

आता माझं ऐक. मागे ती माझ्याकडे आली होती, आठवतं? सकाळी न्हाणीघरात गेली ती बाहेरच येईना. तुझ्या दाजींना कामाला उशीर, पोरं दार वाजवतायत. मी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं की आई, आतच संसार मांडलास का. सगळे हसले. ती बाहेर आली, तीही हसली. दुसऱ्या दिवशी बॅग भरून निघाली, म्हणाली धाकटा आजारी आहे. तू आजारी होतास का रे तेव्हा? नव्हतास ना?

त्यानंतर मी बोलावत राहिले, ती टाळत राहिली. मला वाटलं तिला माझं घर नकोय. मग मीही बोलवायचं सोडलं. एवढी वर्षं मी तिच्यावर रुसून बसलेय आणि ती बिचारी बसमध्ये संडास नाही म्हणून घरात बसलीय. काय म्हणावं आपल्या घराला. सगळे तोंडाळ, आणि बोलायचं तेवढंच कोणी बोलत नाही.

इथल्या इस्पितळात माझ्या शेजारणीची जाऊ कॅन्सरच्या वॉर्डात सिस्टर आहे. तिला गाठलं. ती म्हणाली, शेक देताना किरणं कितीही नेम धरून सोडली तरी शेजारचं आतडं थोडंफार भाजतंच. कधीकधी ते वर्षांनी बोलायला लागतं. म्हणजे रक्त आलं की रोगच परत आला असं नाही. पण नसेलच असंही घरबसल्या ठरवायचं नाही, दुर्बीण घालून बघायलाच हवं. आणि डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की शेक घेतलाय, नाहीतर पुन्हा मलमच मिळेल. ती म्हणाली बऱ्याच बायका हे सांगतच नाहीत. जीव वाचला हे काय कमी, असं सगळेच ऐकवतात, मग संडासाचं गाऱ्हाणं गायचं कोणापुढे?

तू तिला घेऊन जा. नीट समजावून ने, नाटकं करू नकोस. माझ्या अंगात आत्ता राग, रडू, काहीच नाही. फक्त झोप आहे.

आहेस तसाच राहा, फक्त जरा कमी.
ताई

दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि. विनंती एवढीच की नाटक केलं म्हणून रागावू नकोस.

समजावून बघितलं. देवाशपथ बघितलं. ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करते, बोलणार कोणाशी, भिंतीशी? मी रोज घसा कोरडा करायचो आणि ती रोज म्हणायची, जेवून घे. ती स्वतः जेवते कुठे? बाहेर जायचं असलं तर आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नाही. हे मला आत्ता दिसतंय. एकाच घरात राहून मी इतकी वर्षं काय बघत होतो कोण जाणे.

शेवटी एका सकाळी मी तोंड पाडून तिला सांगितलं की आई, मला संडासवाटे रक्त पडतंय, आणि एकट्याला जायची भीती वाटते. पांढरीफटक पडली गं ती. पिशवी घेतली, चपला घातल्या आणि मला दंडाला धरून निघाली. जी बाई महिनाभर उंबऱ्याबाहेर पडली नव्हती ती.

मोठ्या दवाखान्यात रांग लांबलचक. आम्ही संडासाच्या दारालगतच्या बाकावर बसलो, जागा तिनेच निवडली. तिथे ती सारखा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तो हात मला सोसेना. म्हणून पाटीचं सांगून टाकलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. ती समोरच्या दाराकडे बघत म्हणाली, रागवायला अंगात त्राण लागतं रे, आणि हात तसाच फिरवत राहिली. त्यापेक्षा कानाखाली परवडली असती.

आमचा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं काय होतंय. मी आईचंच सगळं माझं म्हणून सांगायला लागलो. म्हटलं जेवलं की कळ येते. आई म्हणाली नाही नाही, जेवल्यावरच असं नाही, नुसतं उठून उभं राहिलं तरी येते. मी म्हटलं रक्त काळं असतं. ती म्हणाली काळं कुठे, लालभडक. मी म्हटलं कधीकधी कपड्यात होतं. ती म्हणाली कधीकधी काय, आठवड्यातून एकदा तरी ठरलेलं, आणि रात्री अंथरुणावर मेणकापड टाकावं लागतं. आणि मग ती थांबली. तिच्या लक्षात आलं.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी खुर्ची सरळ आईकडे फिरवली आणि हळूच विचारलं की किती दिवस चाललंय हे. मी बाहेर जायला उठलो तर आई म्हणाली बसू दे गाढवाला, आता काय लपवायचं. आणि मग शेकापासून सगळं बोलली. त्यांनी विचारलं, इतके दिवस कोणाला का नाही सांगितलं? आई म्हणाली, जो तो विचारतो आता बरी आहेस ना. हो म्हटलं की बोलणं संपतं.

दुर्बिणीची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळालीय. घरी आल्यापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. पण काल संध्याकाळी पोटभर जेवली.

जीव टांगणीला लागलाय. लोभ दोन्ही हातांनी धरून ठेव.
भामटा

दि. १९ फेब्रुवारी

चि. सौ. लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावाने तुला सगळं कळवलंय हे मला माहीत आहे. त्याच्या पोटात काही राहत नाही, आणि माझ्याही. आपलं खानदानच तसं.

रोग परत आलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं. शेकाने आतड्याची आतली कातडी पातळ झालीय, तिथल्या बारीक शिरा फुटतात, त्याचं ते रक्त. एक औषध मागच्या वाटेने घ्यायचं, एक पूड पाण्यातून. काय खाल्लं की बिघडतं ते बघायचं, त्यासाठी एक बाई वेगळी बसते. मागचे स्नायू आवळायचा व्यायाम आहे, तो शिवता शिवताही होतो, कोणाला कळत नाही. रक्त थांबेल म्हणाल्या. कळ कमी होईल, पण पूर्ण जाईल असं वचन देत नाही म्हणाल्या. खरं बोलल्या म्हणून बरं वाटलं.

घरी आले आणि झोपले. आनंद व्हायला हवा होता, पण नुसता शीण आला. इतके दिवस मी मरणाची तयारी करत होते, आता पुन्हा पिशवीत जोड भरून जगायची करायची. रोग कधीच गेला, त्याचं बिऱ्हाड मात्र अजून माझ्याकडेच आहे.

सोमवारपासून कामावर जाते. कारखान्याच्या मालकीणबाईंना मी स्वतः सांगितलं, सगळं. त्यांनी माझं मशीन संडासाच्या बोळाशी आणून ठेवलं आणि मुकादमाला दुसरीकडे सिगारेट ओढायला सांगितलं.

आणि एक. तुझ्याकडे न्हाणीघर एकच, माणसं सहा. म्हणून येत नव्हते. तू नकोशी झालीस म्हणून नाही. हे तोंडाने सांगायला मला जमलं नसतं.

औषध लागू पडलं तर एप्रिलात येते. बसची भीती वाटते, पण तो येतो म्हणालाय सोडायला.

पोरांना पापा. तू झोप घे.
आई

दि. २३ एप्रिल

चि. भामट्यास, आशीर्वाद, आणि तुझ्या पोटाला विशेष आशीर्वाद.

आई सुखरूप आहे. सकाळी आम्ही सगळे गुपचूप शेजारच्यांकडे आंघोळीला जातो, न्हाणीघर तिचं. तिला सांगितलंय की आमच्याकडे पाणी कमी येतं. तिने ऐकून घेतलं. दुपारी थकून झोपते, मी शेजारी आडवी होते. बरं वाटतं.

आता तुझं. तुझ्या बसचा कंडक्टर दाजींच्या ओळखीचा निघाला. तुमच्या मेहुण्याने मोकळ्या रस्त्यावर तीनदा बस थांबवली, पोट धरून झाडामागे पळाला, शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं त्याने दाजींना रंगवून सांगितलं. दाजींना जेवताना हसून हसून ठसका लागला. तुझं नाव आता पोरांनी हागरा मामा ठेवलंय, मी कितीही दटावलं तरी ऐकत नाहीत. आई तेवढी ताटात बघत जेवते. काय खाल्लं होतंस मेल्या प्रवासाआधी?

खबरदार, हलकंच खा.
ताई

दि. ३० एप्रिल

ती. ताईस, हागऱ्या मामाचा पोटापासून नमस्कार.

काही खाल्लं नव्हतं. माझं पोट लोखंडाचं आहे, तुला माहीत आहे.

गाव सुटल्यावर थोड्याच वेळात आईने खिडकीचा गज घट्ट धरला. कपाळावर घाम. मी म्हटलं ड्रायव्हरला सांगू का. तिने मान हलवली, नको. चाळीस माणसं गं बसमध्ये, तिने सांगितलं नसतं, मेली असती. मग मीच उठलो आणि बोंब मारली की थांबवा, नाहीतर इथेच होईल. बस करकचून थांबली. मी पोट धरून पळालो, आणि पोराला सांभाळायला म्हणून आई मागून पिशवी घेऊन उतरली. लोक माझ्याकडे बघून खिदळत होते. तिच्याकडे कोणी बघितलं नाही. मी झाडामागे तिच्याकडे पाठ करून उभा राहून कण्हत होतो, जोरात, बसपर्यंत ऐकू जाईल असा.

परत येऊन जागेवर बसलो. दुसऱ्यांदा तिचा हात गजाकडे गेला तेव्हा मी न विचारताच बोंबललो. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले आजकालच्या पोरांना बाहेरचं खायला हवं. मी म्हटलं हो आजोबा, चुकलं.

त्यानंतर मला डुलकी लागली. आणि तिसऱ्यांदा, ताई, तिनेच मला कोपराने ढोसलं. डोळे उघडून बघतो तर ती सरळ समोर बघतेय, तोंड मख्ख, आणि ओठाचा कोपरा हललेला. पुन्हा ढोसलं. म्हणजे, ऊठ, तुझी पाळी.

एवढा मोठ्याने मी आयुष्यात बोंबललो नाही.

तर दाजींना हसू दे. पोरांना नाव ठेवू दे, आणखी वाईट सुचलं तर तेही ठेवू दे. परत न्यायला येईन तेव्हा त्याच बसने आणू, कंडक्टर आता मला ओळखतो, लगेच थांबवेल. फक्त हे कोणाला सांगू नकोस. दाजींना नाही, त्या सिस्टरला नाही, आणि तुला सगळं कळलंय असं आईलाही दाखवू नकोस. पाया पडतो, ताई. माझंच पोट बिघडलं होतं.

तुझा
भामटा