डग्गा ऐकवणारे चार स्पीकर

मी, श्रीमती रत्नप्रभा दशरथ घाडी, वय एकसष्ट, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार अंधेरी पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण त्याने सही बिघडत नाही.

१. अंधेरीची जागा माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती मुलगी अनुपमा हिला देते. मुलगा चंद्रप्रकाश याचा तीत काहीही हक्क राहणार नाही. कारण लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोर्टात कोणी 'म्हातारीला भ्रम झाला होता' म्हणायला नको.

माझे यजमान तबलजी. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली, म्हणजे डग्ग्याचा हात गेला. पलंगावर पडून ते स्वतःच्या जुन्या टेपा ऐकत. खर्जाचा एकच मोठा स्पीकर होता. दारापाशी तो नुसता घुमायचा आणि पलंगावर डग्गा ऐकूच यायचा नाही. आवाज वाढवला की दार थरथरे, पलंगावर तरीही काही नाही. पलंग हलवायला जागा नव्हती. माझी मैत्रीण नंदा कुबल म्हणाली, "एका मोठ्याऐवजी चार लहान घेऊ गं, प्रत्येक भिंतीला एक." तसे केले, आणि हलक्या आवाजातही खोलीभर सारखा डग्गा वाजू लागला. यजमानांनी डोळे मिटले, उजव्या हाताने पलंगावर ताल धरला.

मी आजारी बहिणीकडे मालवणला गेले असता चंद्रप्रकाशने त्यांतले दोन मेहुण्याच्या हळदीला नेले. तिथे ते फाटले. मी परतले तेव्हा यजमानांनी पहिलेच विचारले, "डग्गा कुठे गेला?"

"दोन आहेत ना अजून," चंद्रप्रकाश म्हणाला. "आवाज तर येतोय. आणि बाबांना काय कळतंय आता?"

हे तो त्यांच्या उशाशी उभा राहून बोलला. यजमानांनी भिंतीकडे तोंड फिरवले. त्यानंतर त्यांनी टेप लावू दिली नाही. स्पीकर दुरुस्त होऊन येण्याआधी ते गेले.

२. चारही स्पीकर व सर्व टेपा नंदाला द्याव्यात. चार एकत्रच ठेवावेत. कोणाच्याही लग्नाकार्याला देऊ नयेत.

३. माझ्या पाटल्या सुनेला. हळद तिच्या भावाची होती, पण स्पीकर नेऊ नका, असे नवऱ्याला तिनेच बजावले होते.

४. तेराव्याला चंद्रप्रकाश म्हणाला, "आई, मला माहीत नव्हतं गं." मी म्हटले, "बाबा शुद्धीत होते. त्यांना विचारायचं होतंस." पुढच्याच महिन्यात तो जागा स्वतःच्या नावावर करायचे कागद घेऊन आला.

५. मला अग्नी अनुपमाने द्यावा. चंद्रप्रकाश आला तर त्याला अडवू नये. पुढेही करू नये.

लिहिलेले पुन्हा वाचले. एकही शब्द खोडायचा नाही.

सही: रत्नप्रभा दशरथ घाडी

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. डॉ. मृणालिनी सामंत, अंधेरी
२. धोंडू सखाराम परब, जोगेश्वरी

स्थळ: अंधेरी, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८६