चालू होता होता बंद

४ मार्च, सोमवार
आलो एकदाचे नव्या घरी! दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागच्या दाराशी भरपूर ऊन. सामान उतरवताना कपाटाचा एक पाय मोडला, तेवढंच काय ते नुकसान. आमची ही म्हणाली, तीन घरं बदलली, पण उजेड इथेच मिळाला. चिमीने आल्याआल्या आतली खोली आपली म्हणून जाहीर करून टाकली. आठ वर्षांची आहे, पण हुकूम सासूसारखे. त्या खोलीत आधीचे भाडेकरू एक डेस्कटॉप टाकून गेलेत. घरमालक म्हणाले, बंद पडलाय, पण तुम्ही त्या धंद्यातलेच, चालला तर पोरीला होईल. म्हणजे दिवसभर दुकानात लोकांचे कॉम्प्युटर उपसायचे आणि घरी येऊन पुन्हा तेच. कर्म माझं! पण चिमी अशी नाचायला लागली की नाही म्हणवेना.

५ मार्च, मंगळवार
कंबर धरलीय. तरी चहा पिऊन बसलो. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा उजळला आणि खट्! बंद. चार सेकंद. धूळ काढली, रॅम काढून खोडरबराने घासली, पुन्हा बसवली. नऊ सेकंद. कुठलंही मशीन हातात घेतलं की वेळ टिपून ठेवायची माझी जुनी खोड, त्यासाठी ही वही कायम शेजारी असते. चिमी स्क्रूंची वाटी धरून मदतीला होती. मध्येच तिची तंद्री लागली, सगळे स्क्रू जमिनीवर. नवी शाळा, सामानाची ओढाताण, दमली असेल बिचारी. आम्ही सगळेच दमलोय.

७ मार्च, गुरुवार
दुकानात आज अकरा मशीन. डोळे मिटत होते, पण चिमी पाठच सोडेना. तापून बंद पडत असेल म्हणून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. एकवीस सेकंद! तिला दाखवायला वळलो, तर ती उघड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत बसलेली. हाक मारली, ओ नाही. मशीन बंद पडलं तशी म्हणाली, बाबा, झाला का सुरू? ही हसली, म्हणाली, बापावर गेलीय, बसल्या जागी झोपते.

१२ मार्च, मंगळवार
शाळेतून बाईंचा फोन आला. चिमी सकाळी फळ्यासमोर उभी असताना अर्धं मिनिट थिजली म्हणे. डोळे उघडे, हातात खडू तसाच. डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, अशक्तपणा असेल, पण पुन्हा झालं तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. घरी आल्यावर ही सहज बोलून गेली, की सकाळी केर काढताना तिने ते मशीन लावून पाहिलं होतं, अर्धं मिनिट चाललं. किती वाजता, मी विचारलं. सव्वाआठला. बाईंनी पण सव्वाआठच — काय लिहितोय मी हे. झोप हवी मला.

१३ मार्च, बुधवार
झोप आलीच नाही. एकदा दिसलेला दोष खरा मानायचा नाही, पुन्हा दिसला तरच, असं आम्ही दुकानात करतो. सकाळी चिमी स्वयंपाकघरात दूध पीत होती. आत जाऊन बटण दाबलं. तिकडे पेला पडला. ही तिला हलवून हलवून हाका मारत होती. अडतीस सेकंद. मशीन बंद पडलं आणि चिमी उठून फडकं आणायला गेली, जसं काही झालंच नाही.
वायर काढून कपाटात कोंडली. हिला सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

१५ मार्च, शुक्रवार
फेकून द्यावं, तर कोणीतरी उचलून नेणार. लावून बघणार. चिमी तेव्हा रस्ता ओलांडत असली तर? फोडावं, तर त्यात तिचं काय अडकलंय कोणास ठाऊक. हात धजत नाही.
आधीच्या भाडेकरूंचं विचारलं. घरमालक म्हणाले, त्यांचा मुलगा आजारी असायचा. पुढे काय झालं, ते सांगेनात. मान फिरवली.
फार शिणलोय. पण एक सुचतंय. अर्धवट सुरू होतं म्हणून तिला धरतं आणि सोडतं. एकदा पुरतं सुरू झालं की सुटेल माझी पोर. पॉवर सप्लायच गेला असणार. नवा आणतो.

१७ मार्च, रविवार
दुपार. ही बहिणीकडे गेलीय. चिमी समोर खुर्चीत. नवा पॉवर सप्लाय बसवला.

लावलं. चाळीस. साठ. शंभर. बंद पडत नाही. पुरतं सुरू झालं!

चिमी माझ्याकडे बघत नाही.

चार मिनिटं. हाका मारतोय. गालावर चापट्या मारल्या. श्वास आहे — पंख्याच्या लयीत —

अकरा मिनिटं. बंद झालं की येते ना ती. दर वेळी येते. बंदच करतो.

वायर ओढली. पंखा मंदावतोय. तिचा श्वासपण. नाही, नाही —

परत लावली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा. काहीच — अरे हो ना सुरू, पाया पडतो —

नाकाशी बोट धरलंय. श्वास लागत नाही. सेकंद मोजतोय. सहा. सात. आ