रेवतीच्या लग्नातली सगळी फुलं मीच खुडली

मुलुंड (पूर्व),
ज्येष्ठातला शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या कुंदाचा साष्टांग नमस्कार. तुझ्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातेस आणि सुनेच्या आमटीला नावं ठेवण्याइतकी तब्येत सुधारली आहे, हे सगळं कळलं. जीव भांड्यात पडला. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य पत्रात घालायचंच असतं म्हणून घातलं आहे. पुढचं वाचून काय ते तू ठरव.) फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तुमच्याकडे फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय कोणाला बोलता येत नाही, आणि मग आमच्या घरातलं अर्ध्या चिपळूणला कळतं. हे प्रकरण चिपळूणला कळण्यासारखं नाही.

तुला लग्नाला येता आलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून घोळ नको. लग्नातली सगळी फुलं मी खुडली. मुंडावळ्या, हार, गजरे, रुखवताची आरास, सगळ्याची. रेवतीने एका पाकळीलाही हात लावला नाही. आळशी कार्टी ती, तुला माहीतच आहे. हे नीट लक्षात ठेव.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या घरातली सगळी संकटं रेवतीच्या डोक्यातून निघतात, तसं हेही तिथूनच निघालं. लग्न ठरलं, हॉल ठरला, केयूरच्या घरचे बोरिवलीचे लोक साधे निघाले, म्हटलं आता सुखाने पार पडेल. तर ही एक दिवस म्हणाली, की दादरच्या बाजारातली फुलं नकोत. ती कुठून कुठून ट्रकने येतात, बर्फात झोपवलेली असतात, औषधं मारलेली असतात. फुलं आपल्या भागात उगवलेली हवीत आणि आपणच जाऊन आपल्या हाताने खुडायची. परदेशात म्हणे असे मळे असतात, दारात टोपली आणि कात्री देतात. आमच्या यांनी विचारलं, मुलुंडमध्ये आपल्या भागात उगवतं काय? पार्किंग. ती म्हणाली, "बाबा, चिल ना यार, मी शोधलंय." आणि खरंच शोधलं होतं गं. तेव्हाच मी हॉलवाल्याला प्लास्टिकची झेंडूची तोरणं लावायला सांगायला हवी होती.

मुलुंड कॉलनीच्या पुढे, डोंगर सुरू होतो त्या अंगाला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे ही बाग. रिक्षावाल्याने कोपऱ्यापर्यंत येऊन पुढे यायला साफ नकार दिला. (यात भुताटकी काही नाही. ते शेजारच्या भांडुपलाही नकार देतात.) त्या दिवशी वारा कांजूरमार्गाकडून होता, म्हणजे डम्पिंगच्या कचऱ्याचा तो वास, नाकाला पदर लावून चालत होतो. पण फाटकाच्या आत पाऊल टाकलं आणि वास तिथल्या तिथे तुटला. आत मोगरा, सोनचाफा, अनंत, अबोली, सगळं एकाच वेळी फुललेलं, आणि एकही मधमाशी नाही. फुलपाखरू नाही. कावळासुद्धा नाही, मुलुंडला, अक्का! मी रेवतीला म्हटलं, किती शांत आहे ना. तर माझा आवाज मलाच इतका मोठा वाटला की पुढचं वाक्य मी गिळलं.

बागेच्या मालकीणबाई म्हणजे शर्मिष्ठाबाई. साठीच्या असतील, की नव्वदीच्या, सांगता येत नाही. पांढरं स्वच्छ लुगडं, बोलणं अगदी मृदू, रुइया कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका वाटाव्यात अशा. पायात मात्र काही नाही आणि घोट्यापर्यंत ओली माती, ऐन वैशाखात. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी त्यांनी पत्र्याची छोटी पाटी रोवली होती, आपल्या सोसायटीत खाली नावांच्या पाट्या असतात तशी. मला वाटलं झाडांची नावं असतील. जवळ जाऊन पाहिलं, तर अंबादास. श्रेयस. सौ. द्रौपदी. एका मोगऱ्यावर सौ. दर्शना. म्हटलं, देणगीदार असतील. आपल्याकडे देवळाच्या पायरीवरसुद्धा नाव घालतात, इथे झाडाला घातलं तर काय बिघडलं. शेवटच्या ओळीत एक पाटी कोरी होती आणि तिच्याशी खड्डा खणून तयार होता.

शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, पैसे आम्ही घेत नाही. फुलं हवी तेवढी न्या. फक्त जिचे हात फुलांना लागतील, तिने पुढे आमच्या घरच्या कार्याला हातभार लावायला यायचं. आता तूच सांग, याला आपण काय समजतो? "या ना एकदा घरी" असं आपण म्हणतो, तसं समजतो. मी गेली कित्येक वर्षं समोरच्या विंगमधल्या बाईंना "जेवायलाच या" म्हणते आहे, त्या "नक्की नक्की" म्हणताहेत, आणि त्या खरंच आल्या तर मला झीट येईल. त्याच चालीवर मी हसून "हो हो, नक्की" म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि घरात निघून गेल्या. खुडताना मला बघवत नाही, म्हणाल्या.

मग मी फुलं खुडली. (मी. रेवती बाजूला उभी राहून फोनवर फोटो काढत होती.) खाली वाकून अबोली घेतली, टाचा उंचावून सोनचाफा घेतला. देठ तुटताना प्रत्येक वेळी कोणीतरी हळूच श्वास आत घ्यावा असा आवाज यायचा. दर्शनाच्या मोगऱ्याशी तर मला काही केल्या हात पुढे करवेना, उगाच कोणाच्या तरी डोक्यातला गजरा ओढल्यासारखं वाटत होतं. टोपल्या भरल्या. मागे वळून पाहिलं, तर झाडांवर फुलं होती तितकीच.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचा मूर्खपणा माझा. पर्समध्ये पत्रिका आणि अक्षता होत्याच, लग्नाच्या दिवसांत त्या असतातच. निघताना शर्मिष्ठाबाई बाहेर आल्या, रिकाम्या हाताने निघणं बरं दिसेना, म्हणून त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि तोंडात बसलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, की सहकुटुंब सहपरिवार यायचं हं, कोणी मागे राहायचं नाही. त्यांनी विचारलं, "सगळे?" मी म्हटलं, "म्हणजे काय, सगळे!" तेव्हा वारा पडलेला होता, अक्का, पान हलत नव्हतं. आणि तरी त्या बाईच्या मागे अख्खी बाग एकदा हलली.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारचा. वधूपक्ष, वरपक्ष, सगळे स्थानापन्न होतात न होतात तोच हॉलच्या दारातून ती मंडळी आली. पुढे शर्मिष्ठाबाई, मागे ओळीने बायका, पुरुष, सगळे नीटनेटके, सगळे गप्प. मी पायाखाली पाहिलं तर दारापासून खुर्च्यांपर्यंत ओल्या मातीची पावलं. बोरिवलीकरांना वाटलं ती आमची चिपळूणची माणसं, आमच्या लोकांना वाटलं बोरिवलीची, त्यामुळे दोन्हीकडून त्यांना आग्रह झाला. ती खिडकीकडच्या खुर्च्यांवर बसली. ऊन सरकलं तशी तीही एकेक खुर्ची सरकत गेली. मंगलाष्टकं चालू असताना वीज गेली, पंखे थांबले, माणसं घामाने निथळत होती, आणि ही ओळ मात्र एका लयीत डावीकडून उजवीकडे डुलत होती. केयूरच्या काकांना वाटलं, केवढे रसिक लोक!

जेवायला बसली, पण कोणी घासाला शिवलं नाही. केटरर मुकुल माझ्याकडे धावत आला. म्हणाला, "मावशी, तुमचे पाहुणे आहेत की काय आहेत? जिलबी तशीच, मसालेभात तसाच, आणि माझी पाण्याची पिंपं सगळी रिकामी झाली ना!" मी त्याच्याकडे पाहून हसले. दुसरं काय करणार? लग्नघरात बाईने हसायचं असतं. मग ती मंडळी स्टेजवर आली आणि आहेर द्यायच्या ऐवजी प्रत्येकाने आपापली फुलं शोधली. एका गृहस्थाने केयूरच्या हारातल्या सोनचाफ्यावरून असा हात फिरवला की मला गलबलून आलं. कोणीतरी रेवतीच्या केसांतल्या मोगऱ्याशी वाकून काहीतरी कुजबुजत होतं. ती बाई वळली, आणि मी ओळखलं. आपली दर्शना गं! शेजारच्या सोसायटीतली. भाचीच्या लग्नाला फुलं गोळा करायच्या नादात होती आणि त्यानंतर मुलीकडे कॅनडाला गेली असं सगळे सांगतात. मी म्हटलं, दर्शना, कॅनडाहून कधी आलीस? ती म्हणाली, "बरं आहे गं. ऊन छान मिळतं." एवढंच.

निघताना शर्मिष्ठाबाईंनी माझा निरोप घेतला. लग्न फार सुरेख झालं म्हणाल्या. आता आमच्या कार्याला तुमच्याकडचं माणूस, आषाढात. मग स्टेजवरच्या रेवतीकडे बघत त्यांनी विचारलं, फुलांना हात कोणाचे लागले? मी म्हटलं, माझे. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट केले, नाकाशी नेले, आणि म्हणाल्या, यांना तर फोडणीचा वास येतोय. मी म्हटलं, खुडताना फुलांचा येत होता, पण लग्नघर आहे, दहा कामं असतात. दर्शना शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली. शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, बरं, तरी आम्ही चौकशी करू. स्थळाची करतात तशी.

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, आषाढात कसलं आलंय कार्य? मुहूर्त तरी असतात का? मी म्हटलं, लागवडीचं असेल. रेवतीच्या मुंडावळ्या देव्हाऱ्यापाशी ठेवल्या आहेत, त्यातलं एकही फूल अजून सुकलेलं नाही. हे रोज सकाळी चष्मा लावून बघतात आणि रोज म्हणतात, क्वालिटी चांगली दिसते. त्यांना भीती वाटली की ते असंच काहीतरी बोलतात.

पण तू काळजी करू नकोस. मी जाऊन येणार आहे. हातभार लावायचा म्हणजे काय, चार दिवस इकडची कुंडी तिकडे करायची असेल. रेवती सासरी रमली आहे, केयूर गुणी मुलगा आहे, मला आता घरात असं कामही राहिलेलं नाही. तुझ्या जावयांना वरणभात लावता येतो. (जावई म्हणजे आमचे हे, तू त्यांना अजून जावईबापूच म्हणतेस.) सुनेला आशीर्वाद, घरातल्या लहानमोठ्यांना यथायोग्य. खुबा जप, अंघोळीला जाताना कोणालातरी हाक मारत जा.

तुझी,
कुंदा

ता. क. कैरीचं लोणचं घातलं आहे, ते कुरियरने पाठवते. खार जास्त झाला असेल, हात ठिकाणावर नव्हता.

ता. क. २. लोणचं हे निमित्त आहे. पत्रिकेवर घरातली मोठी म्हणून तुझं नाव घातलं होतं, पत्त्यासकट. तेव्हा चौकशीला ती माणसं तुझ्याचकडे येणार. पावलं बघ म्हणजे ओळखशील. त्यांना इतकंच सांगायचं, की फुलं कुंदाने खुडली. म्हण, आमच्या कुंदाला लहानपणापासूनच फुलं खुडायची भारी हौस. दोनदा विचारतील, दोनदा हेच सांग.

ता. क. ३. तू मघापासून हसत असशील. माझे गुडघे तुझ्याइतके कोणाला माहीत आहेत? खाली वाकून अबोली घेतली म्हणे! मला देवासमोर वाकता येत नाही गं. मी फाटकाशी दगडावर बसून होते आणि फुलं सगळी पोरीने खुडली, एकेक, गाणं गुणगुणत. दर्शनाच्या झाडावरचा मोगरासुद्धा तिनेच घेतला. म्हणजे कोणाचे हात ते दर्शनाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ती हॉलमध्ये बोलली नाही. तिलाही मुलगीच आहे. जी पक्की परकी झाली ती गप्प राहिली, आता तू तर माझी सख्खी बहीण आहेस. हे पत्र वाचून झालं की बंबात घाल.

ता. क. ४. आषाढ लागला की रेवती तुला फोन करेल, आई कुठे आहे म्हणून. रोज करेल, तशी चिकट आहे ती. काय सांगायचं ते तू ठरव, मला सुचत नाही. फक्त तुझ्या त्या फौजदारी आवाजात सांगू नकोस, अक्का. जरा मायेने सांग. तिला माझ्या आवाजाची सवय आहे.