सरपंचांची सही आणि माझे सद्वर्तन

दि. १६ मे १९६६

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती कार्यालय, मेहकर, जिल्हा बुलढाणा.

विषय : समाज शिक्षण संघटक पदासाठीचा माझा अर्ज तिसऱ्यांदा परत आल्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ६ मे १९६६ चे त्रुटीपत्र.

महोदय,

मी नागपूर विद्यापीठाचा समाजशास्त्राचा एम. ए. आहे. या विषयावर कोणकोणत्या नोकऱ्या मिळतात ते प्राध्यापकांनी फळ्यावर लिहून दिले होते. फळा भरला होता. प्रत्यक्षात हायस्कूलला गणिताचा मास्तर हवा होता, आणि जिनिंग फॅक्टरीच्या मालकांनी कामगार अधिकारी म्हणजे काय ते मलाच विचारले. उरले आपल्याकडील पद. ३० जूनला माझी वयोमर्यादा संपते.

१. त्रुटी एकच आहे : सरपंचांचा सद्वर्तनाचा दाखला नाही. तो न मिळण्याचे कारण माझे शिक्षण आहे. प्रबंधासाठी मी गावात कोण कोणत्या विहिरीवर पाणी भरतो याची पाहणी केली आणि सार्वजनिक विहिरीत आम्हा बौद्धांना दोर टाकू देत नाहीत, असे लिहिले. दाखल्यासाठी सरपंच श्री. उत्तमराव यांच्याकडे चार वेळा गेलो. त्यांचे उत्तर जसेच्या तसे नमूद करतो : "गावाची बदनामी करून राह्यला, अन् चांगल्या चालीचा कागद मलेच मागतं काय बे?"

२. मार्चमध्ये आपल्याच कार्यालयाचा पिण्याच्या विहिरींचा तक्ता ग्रामपंचायतीत आला. तो कोणाला भरता येईना, तेव्हा सरपंचांचा निरोप आला : "इंद्रभानले बोलवा, त्यानं साऱ्या विहिरी मोजून ठेवल्या हायेत." मी दोन दिवस बसून तो भरला. खरे तेच लिहिले. सरपंचांनी न वाचता सही-शिक्का केला.

३. तक्त्याच्या तळाशी छापील मजकूर आहे : "माहिती भरणारा इसम माझ्या ओळखीचा, सद्वर्तनी व विश्वासू आहे." खाली त्यांचीच सही. तक्ता आपल्याच कपाटात आहे. तोच माझा दाखला समजावा, ही विनंती मी तोंडी केली. आपले लिपिक म्हणाले, तो कागद विहिरींचा आहे, माणसाचा नाही. हे ऐकून संताप आला, तो लपवीत नाही.

४. त्याच तक्त्यात रकाना सात आहे : "विहीर सर्वांस खुली आहे काय?" सार्वजनिक विहिरीपुढे मी "नाही" लिहिले आहे. त्यालाही तीच सही लागू आहे. माझी आई भिमाबाई आजही त्या विहिरीपाशी घागर ठेवून, कोणी पाणी ओतेल म्हणून तासभर उभी असते. ती सही माझ्या कामाची नसेल तर माझा अर्ज खुशाल दप्तरी लावावा. पण मग कागद विहिरींचाच आहे ना, तर रकाना सात वाचून कोणीतरी आमच्या गावी यावे.

आपला, अद्याप नम्र,
इंद्रभान कडूबा सरकटे
मौजे धामणखेड, तालुका मेहकर

सोबत : गुणपत्रिका, त्रुटीपत्रे तीन, विहिरींचा नकाशा, येणाऱ्यास वाट सापडावी म्हणून.